माहेरचं नाव सगुणा

नर्सबाईंना बिननावाचं काही चालत नसे. माणूस तर नाहीच, पण वस्तूसुद्धा. केडगावच्या त्यांच्या दोन खोल्यांत वातीच्या स्टोव्हचं नाव 'भडकू' होतं, पाण्याच्या रांजणाचं 'मामंजी', आणि अंडी द्यायला सतत टाळाटाळ करणाऱ्या एका कोंबडीला तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचं नाव दिलेलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला आलो त्या दिवशी त्यांनी माझ्या सायकलीकडे बघून विचारलं, "हिचं नाव?"

"सायकलीला कसलं नाव?" मी म्हणालो.

"मंग हाक कशी मारता?"

दुसऱ्या दिवसापासून माझी सायकल 'सुमन' झाली. आठवड्याभरात गल्लीतली पोरं "मास्तर सुमनला घेऊन नगरला चालले" असं ओरडू लागली. मी अविवाहित होतो. घरमालकीण म्हणून बाईंना याची काळजी वाटायला हवी होती. उलट त्याच ओट्यावर उभ्या राहून हसत.

केडगाव तेव्हा वेगळं गाव होतं. नगर शहर पुणे रस्त्याने सरकत सरकत येऊन त्याला अजून चिकटलं नव्हतं. गावात चार खाटांचं एक प्रसूतिगृह होतं आणि ते बाईंच्या जिवावर चाले. डॉक्टर नगरहून मोटारसायकलवर येत, तोवर बहुतेक वेळा बाळ येऊन, रडून, पिऊन झोपलेलं असे. बाई मूळच्या पाथर्डीकडच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्न लवकर झालं, नवरा लवकर गेला, मग नगरला राहून त्या नर्सिंग शिकल्या. मी पाहिलं तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. उंच, हाडापेराने मोठ्या, आणि आवाज असा की प्रसूतिगृहातून आयाबाईला मारलेली हाक ऐकून देवीच्या देवळातला पुजारीसुद्धा "आलो" म्हणे.

प्रसूतिगृहाची रीत अशी होती की बारसं होईपर्यंत बाळाला खाटेच्या नंबराने ओळखायचं. 'एक नंबरची दूध पिईना', 'तीन नंबरचा फार रडतोय.' बाईंना ते सोसत नसे. प्रत्येक बाळाला त्या 'बारशापर्यंत वापरायला' म्हणून एक नाव देत. पुष्कळ घरांत बारशाला त्याहून बरं काही सुचत नसे, मग वापरायला दिलेलं नावच अंगाला बसे. आजही केडगावात पन्नाशीच्या पुढचा एखादा भीमसेन भेटला तर समजावं, हा जन्मल्याबरोबर फार मोठ्याने ओरडला होता.

नावाइतकीच त्यांची वेळेची शिस्त. बाळाचा पहिला आवाज आला की त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ ओरडून सांगत. व्हरांड्यात बसलेल्या बापाला आधी वेळ कळे, मग मुलगा की मुलगी. रजिस्टरात त्या इंग्रजी तारीख लिहीत, मध्यरात्री बदलणारी, सरकारची. घरच्यांना मात्र वार सांगत तो पंचांगाचा, सूर्योदयाला बदलणारा. मंगळवारी पहाटे झालेलं बाळ रजिस्टरात मंगळवारच्या तारखेला जन्मे आणि पत्रिकेत सोमवारचं होई. दोन्ही बरोबर. "उजाडल्याबिगर वार बदलत न्हाई," हे त्यांचं पालुपद. आसपासच्या गावांतले जोशी "बाईंची वेळ आहे ना? मग झालं" म्हणून पत्रिका मांडायला घेत. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी त्या वेळी पंचविशीत होतो, दुसऱ्या श्रेणीत एम.एस्सी. झालेला होतो आणि नगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचा हंगामी अधिव्याख्याता होतो. वर्षअखेरीला नोकरी पक्की होणार की जाणार ते ठरायचं होतं. मी टाय बांधून सुमनवर बसत असे. पुणे रस्त्याच्या धुळीत त्या टायचा मूळ रंग कोणता होता हे काही महिन्यांत मलाच आठवेना. बाई मला 'मास्तर' म्हणत. "मी मास्तर नाही, बाई. प्राध्यापक आहे," असं मी एकदा स्पष्ट केलं.

"शिकवता न्हवं?"

"शिकवतो."

"मंग मास्तरच की."

एका संध्याकाळी मी त्यांना विश्वाचा पसारा समजावून सांगितला. प्रकाशवर्षं, तेजोमेघ, सगळं. बाई शेंगा फोडत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "येवढं मोठं हाय म्हणता, तरी भाडं देताना खोली बारकी पडती म्हणून कुरकुरता."

त्यांच्याकडे दुर्बीण होती. भिंगारच्या छावणीतल्या एका सुभेदाराची बायको अडली होती, बाईंनी तिची सुखरूप सुटका केली. सुभेदाराने लुगडं आणलं, बाईंनी परत पाठवलं. पेढे आणले, ते बाकीच्या खाटांवर वाटून टाकले. शेवटी त्याने स्वतःची जुनी दुर्बीण आणून टेबलावर ठेवली आणि सलाम ठोकून निघून गेला. सुरुवातीला ती दुर्बीण पुणे रस्त्यावर लागलेली असे, डॉक्टरांची मोटारसायकल दिसते का बघायला. पहिलटकरणीच्या कळा पहाटेपर्यंत चालत. अशा वेळी पायरीवर बसून रस्ता बघता बघता बाईंनी ती कधीतरी वर नेली, आणि मग रस्ता मागे पडला. त्या वर्षी पावसाने तोंडच दाखवलं नव्हतं. विहिरी तळाला गेल्या होत्या, माणसं खडी फोडायला जात होती, आणि आकाश तेवढं घासून पुसून ठेवल्यासारखं. "देवानं पानी न्हाई दिलं, चांदन्या दिल्या. त्या काय शिजवायच्या?" असं त्या म्हणत. म्हणत आणि बघत.

दिवाळी नुकतीच झाली होती. एका सकाळी बाईंनी माझं दार वाजवलं. "मास्तर, एक चांदनी जागंवर न्हाई."

"ग्रह असेल," मी पांघरुणातून म्हणालो.

"गिऱ्हं मला म्हाईत हायेत. शनी तिकडं बैलाच्या शिंगाकडं बसलाय. ही बारकी हाय. नुसत्या डोळ्यानं दिसत न्हाई, दुर्बिनीतच दिसती. परवा रोहिनीच्या अंगाला हुती, आज सरकली."

"झोपेत काहीतरी दिसलं असेल."

"झोपंत तुमी हाय. उठा."

मी उठलो तोवर उजाडलं होतं. बाईंनी जेवणाचं ताट मांडून घेतलं आणि त्यात ज्वारीचे दाणे ठेवत गेल्या. हे रोहिणीचे तारे, ही शिंगं. शनीसाठी शेंगदाणा. मग तुरीच्या डाळीचा एक दाणा उचलून त्यांनी तो आधी एका जागी ठेवला, मग किंचित शेजारी, मग आणखी शेजारी. "परवा हितं. काल हितं. आज हितं." मी ताटावर वाकलो. इतका हळू आणि इतका अंधुक सरकणारा ठिपका म्हणजे लघुग्रह, एवढं मला कळत होतं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असे हजारो दगड सूर्याभोवती फिरत असतात.

खरं म्हणजे मी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून स्वतः बघायला हवं होतं. पण निरीक्षकाने पहाटे उठावं ही खगोलशास्त्रातली फार जाचक अट आहे. ती मी बाईंवर सोपवली. सकाळी चहाच्या वेळी त्या ताट मांडून 'सोमवार', 'मंगळवार' असं सांगत आणि मी आलेखाच्या कागदावर ठिपके उतरवून घेई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "मास्तर, माझा वार उजाडल्यावर बदलतो बरं का. पोरांची सवय हाय, तोंडात तेच येतं. तुमी तुमच्या हिशेबानं करून घ्या." मी "हो, हो" म्हणालो. त्या वेळी मी चहात बिस्किट बुडवत होतो आणि ते तुटून आत पडलं, हे मला स्पष्ट आठवतं. वार दुरुस्त केल्याचं आठवत नाही, कारण केलाच नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रहगतीचं एक जाडजूड इंग्रजी पंचांग येत असे. त्यात ग्रहांबरोबर चार प्रमुख लघुग्रहांच्या रोजच्या जागा दिलेल्या असत. त्यांतली वेस्टा त्याच भागात होती. पण नेमकी त्या जागी नव्हती. बाईंची चांदणी आणि छापलेली वेस्टा यांच्यात चंद्राच्या निम्म्या रुंदीइतकं अंतर पडत होतं. वेस्टा त्या दिवसांत एका दिवसात साधारण तेवढीच सरकत होती. एवढं समोर असताना कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, अरे, तुझी तारीख एकाने चुकली आहे. मी म्हणालो, हा नवा लघुग्रह आहे. नवा असेल तर जुनी वेस्टा कुठे गेली, तीही दुर्बिणीत शेजारीच दिसायला नको का, हा प्रश्न मला पडला नाही. मला त्या वेळी वर्तमानपत्रातला माझा फोटो दिसत होता.

मग मी कक्षा काढायला बसलो. लॉगॅरिदमची पुस्तकं उघडून, दाराला आतून कडी लावून. बाईंना मी सांगितलं होतं की अशा वेळी मला कुणी हाक मारायची नाही. त्या दाराशी चहा ठेवत आणि आयाबाईला सांगत, "मास्तरांना कळा चालू हायेत." शेवटी कक्षा निघाली. साडेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळात सूर्याभोवती एक फेरी. ती वेस्टाच्या कक्षेशी इतकी जुळत होती की मीच चकित झालो. गणित अडलं की मी वेस्टाचे आकडे बघत होतो आणि माझे आकडे नकळत तिकडे झुकत गेले, हे आज कळतं. तेव्हा मी वर्गात जाहीर केलं की हे वेस्टाचं भावंड असावं.

बाईंना मात्र कक्षेपेक्षा एकाच गोष्टीत रस होता. "नाव काय ठेवायचं?"

मी रीत समजावली. आधी नुसतं सापडलं ते वर्ष आणि दोन अक्षरं, एवढीच तात्पुरती खूण. कक्षा पक्की ठरली, तो हरवला नाही, परत दिसला, की क्रमांक. क्रमांक मिळाला की ज्याने शोधला त्याने नाव सुचवायचं.

"म्हंजे आमच्यासारखंच," बाई म्हणाल्या. "आधी खाट नंबर. मंग जगतंय का बघायचं. मंग नाव."

"तसंच."

"आन् ज्यानं बघितलं त्यानंच ठेवायचं?"

"तुम्ही बघितलंत. तुम्हीच ठेवायचं."

"किती दिवस ऱ्हातं ते?"

"कायमचं. कुणाला पुसता येत नाही."

 बाई उठून भडकूची वात कमी करायला गेल्या. भडकू पेटलेला नव्हता.

अशा गोष्टींना बाहेरच्या जाणकारांची मान्यता लागते, थांबावं लागतं, हे मी सांगून पाहिलं. "तुमची मान्यता यील तवा यील. बारसं बाराव्या दिशी," म्हणून त्यांनी विषय संपवला. मी शोध जाहीर केला तो दिवस पहिला धरला गेला आणि बाराव्या दिवशी प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात पाळणा टांगला. आपल्याकडे बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून-वरून फिरवतात, मग बाळ ठेवतात. या बारशाला वरवंट्यानंतर ठेवायला काही नव्हतं. आणि लघुग्रह म्हणजे तरी काय, दगडच. गल्लीतल्या बायका हौसेने जमल्या. दुष्काळाच्या वर्षात बारशी, लग्नं सगळीच आटोपशीर झाली होती, त्यामुळे फुकटचं हसायला मिळतंय म्हटल्यावर कुणी घरी राहिली नाही.

"बाप कोन गं हिचा?"

"मास्तर की. कळा त्यांनीच काढल्या."

"मंग आत्या कोन? मास्तर, तुमाला भन हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग तुमीच व्हा आत्या. बाप बी तुमी, आत्या बी तुमी!"

माझ्या टायवरून आणि डोक्यावरून कुणीतरी शाल ओढली. बाई माझ्या कानाशी वाकल्या आणि त्यांनी नाव सांगितलं. एरवी देवळापर्यंत जाणारा तो आवाज त्या वेळी मला जेमतेम ऐकू आला. मी पाळण्यात तोंड घालून वरवंट्याच्या कानाच्या अंदाजाने 'कुर्र' केलं आणि म्हणालो, "सगुणा." रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. त्यांतले काही बारशाचे नव्हते, भाड्याने राहणाऱ्या प्राध्यापकांविषयीच्या जुन्या तक्रारीचे होते.

घुगऱ्या वाटताना आयाबाई माझ्याजवळ थांबली. "नाव कुनाचं हाय, म्हाईत हाय का, मास्तर? बाईंची पोरगी हुती. बारशाच्या आदल्या दिशी गेली. सगुना ठेवायचं ठरलं हुतं. पर ठेवलं न्हवतं ना. पुरली तवा बी नुसती 'पोर' म्हनूनच पुरली. बाईंनी मला एकदाच सांगितलं हुतं, त्यावर इतक्या वरसात ते नाव मी आज ऐकलं."

त्या क्षणी तरी मी घरी जाऊन हिशेब पुन्हा तपासायला हवा होता. घुगऱ्या फार चविष्ट झाल्या होत्या. मी परत मागून घेतल्या.

नगरच्या एका साप्ताहिकात बातमी मीच लिहून दिली. त्यात माझा उल्लेख सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी होता. बाई दुसऱ्या परिच्छेदात 'निरीक्षणास साहाय्य' करून गेल्या होत्या. सगुणाचं नाव संपादकांनी गाळलं. अधिकृत झाल्यावर छापू म्हणाले. बाईंनी आयाबाईला बातमी वाचून दाखवली, नाव आलेलं नाही हे पाहून एकदा कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

त्यानंतर आमच्या प्राचार्यांनी पुण्याच्या एका जाणत्या प्राध्यापकांना व्याख्यानाला बोलावलं. व्याख्यानाआधी शिक्षकांच्या खोलीत मी माझा कागद त्यांच्यासमोर अंथरला. कॉलेजचे पदाधिकारी मुद्दाम आले होते. माझ्या नोकरीचं त्यांच्याच हाती होतं. पाहुण्यांनी कागद बघितला, ते इंग्रजी पंचांग मागवलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते सावकाश खालच्या ओळीवर नेलं. "ही वेस्टा आहे," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात जरासुद्धा खवचटपणा नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "ठिपके अगदी बरोबर आहेत. तारीख फक्त एकाने मागे पडली आहे. तारखा कुणी घेतल्या?"

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. पदाधिकारी माझ्याकडे बघत होते.

"नर्सबाईंनी सांगितल्या," मी म्हणालो. "त्या जुन्या वळणाच्या आहेत. उजाडेपर्यंत आदलाच वार धरतात."

यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतकी वर्षं मला खोडून काढता आला नाही. खोलीतला ताण एकदम सुटला. "म्हणजे सुईणीच्या भरवशावर खगोलशास्त्र!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. टायची गाठ सैल करून चांगला मोकळेपणाने हसलो. पुढे माझी नोकरी पक्की झाली.

बातमी माझ्या आधी केडगावात पोचली होती. सुमन तशीही सावकाशच चाले. बाई पायरीवर बसून ज्वारी निवडत होत्या.

"म्हंजे ती आदीच कुनाला तरी घावली हुती?"

"हो. युरोपात. शंभराहून जास्त वर्षं झाली."

"नाव काय ठेवलंय त्यांनी?"

"वेस्टा."

"म्हंजे काय?"

"त्यांच्या जुन्या देवांपैकी एक. चुलीची, घरातल्या विस्तवाची देवी."

बाईंनी खडा काढून बाजूला टाकला. "चांगलं हाय. घर राखनारी हाय." थोडा वेळ त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते सासरचं नाव झालं. पोरीला दोन नावं असत्यातच. माहेरचं सगुना."

"पण बाई, तसं ते अधिकृत..."

"मास्तर, बारसं झालं. झालेलं बारसं कुनी माघारी घेत न्हाई."

वाराचं त्यांनी मला आधीच बजावलं होतं, याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

इथपर्यंत गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण केडगावकरांनी तिच्यातून पुढचा निष्कर्ष काढला, जो मी काढला नव्हता. बाईंचा वार चुकतो, तर मग बाईंची वेळही चुकत असेल. ज्यांच्या मुलींच्या पत्रिकेत मंगळ होता, ज्यांचा मुलगा तिसऱ्यांदा मॅट्रिकला नापास झाला होता, ज्यांचं जावयाशी पटत नव्हतं, त्या सगळ्यांना एकाएकी कारण सापडलं. "आमच्या पोरीचा मंगळ खरा हाय का बाईंच्या घड्याळाचा?" असं लोक उघड विचारू लागले. एक ठरत आलेलं लग्न मोडलं. ते हुंड्यावरून मोडलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगताना बाईंची वेळ पुढे केली गेली. मग लोक बाळंतिणीबरोबर मनगटी घड्याळवाला एखादा भाचा पाठवू लागले. व्हरांड्यातून टवाळ पोरं विचारत, "बाई, शनीचं पिल्लू कुठं गेलं?"

एकदा मी खोलीत होतो आणि बाहेर आयाबाईचा आवाज चढला होता. "सांगा की समद्यांना, मास्तरांना आदीच बजावलं हुतं म्हून! मी तितंच हुते. त्यांनी बिस्कुट खाल्लं आन् इसरले."

"गप ऱ्हा," बाई म्हणाल्या. "त्यांची नोकरी कच्ची हाय. माझी पिकल्याली हाय."

मी दाराच्या कडीला हात लावला होता. तो काढून घेतला आणि पुन्हा पलंगावर जाऊन बसलो. नोकरी पक्की झाल्याचा कागद हाती पडल्यावर तरी बाहेर येऊन बोलायला हरकत नव्हती. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आता प्रकरण शिळं झालंय, उगाच लोकांच्या लक्षात आणून देण्यात अर्थ नाही. शिकलेल्या माणसाला गप्प बसायला कारण सापडत नाही असं कधी झालेलं मी पाहिलेलं नाही.

मग एका दुपारी प्रसूतिगृहातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि मी सवयीने थांबलो. पाठोपाठ वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी वेळ ओरडून सांगणं सोडून दिलं होतं. आत कुणीतरी भाचा आपल्या मनगटाकडे बघत असणार.

जूनमध्ये मी संगमनेरला बदली मागून घेतली. बढती आहे असं सगळ्यांना सांगितलं. बाईंनी मला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, एसटीच्या टपावर सुमन नीट बांधली की नाही ते स्वतः हलवून बघितलं, आणि म्हणाल्या, "पहाटं उठत जा, मास्तर. जागा राहनाऱ्याला लई दिसतं." पुढे तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना लघुग्रह शिकवले. वेस्टा आली की मी फळ्याकडे तोंड करून बोलत असे.

तेव्हा आता नोंद म्हणून लिहितो. वार बाईंनी बरोबर सांगितले होते. ते कोणत्या रीतीने मोजले आहेत हेही आधी बजावलं होतं. चांदणी त्यांनी स्वतः ओळखली आणि तिच्या जागा ज्वारीच्या दाण्यांनी इतक्या नीट दाखवल्या की पुण्याच्या जाणकारालाही त्या बरोबर वाटल्या. चूक माझी होती, आणि ती मी त्यांच्या पदरात टाकली. केडगावात त्या काळी जन्मलेल्या सर्व भीमसेनांनी आपापल्या पत्रिका बिनघोर वापराव्यात. त्यांतल्या वेळा बरोबर आहेत. नशिबं वाईट निघाली असतील तर त्याला नर्सबाई जबाबदार नाहीत.

त्यांना मी शेवटचं भेटलो ते पाथर्डीकडे, भाच्याच्या वस्तीवर. मोतीबिंदू पिकून दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. हे सगळं त्यांच्यासमोर बोलायचं, माफी मागायची, असं ठरवून मी निघालो होतो. एसटीत सगळी वाक्यं जुळवली होती. चांगली होती वाक्यं, एकदोन ठिकाणी माझे मलाच डोळे भरून आले. बाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मी पाया पडलो, "बाई, मी..." एवढं म्हटलं, तोच त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"मास्तर व्हय? सुमन कशी हाय?"

"विकली, बाई. केव्हाच."

"आरं आरं." मग त्या थोड्या पुढे वाकल्या. "आन् ती कुठं हाय आता?"

कुणाबद्दल विचारतायत हे मला एका क्षणात कळलं. योगायोगाने त्याच आठवड्यात मी बघून ठेवलं होतं. "आत्ता सूर्याच्या पलीकडे गेली आहे, बाई. कुणालाच दिसणार नाही. दोन-तीन महिन्यांनी पहाटे पूर्वेला येईल."

"म्हंजे आता कुनालाच दिसत न्हाई?"

"कुणालाच नाही. मोठ्या दुर्बिणीतूनसुद्धा नाही."

"पर हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

"मंग झालं." त्या मागे टेकल्या आणि घराकडे तोंड करून ओरडल्या, "चा टाका गं, आमचं मास्तर आलंय!" आवाज तसाच होता. शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठून उभी राहिली.

मग चहा झाला, भाच्याने बोरं दिली, शेवटची एसटी चुकेल म्हणून मला घाईने काढून दिलं. गाडी हलल्यावर लक्षात आलं की ज्यासाठी आलो होतो ते बोलायचं राहूनच गेलं. म्हटलं, पुढच्या खेपेला. ती पूर्वेला दिसू लागली की तेच सांगायच्या निमित्ताने यावं, म्हणजे बोलायला सुरुवातही बरी होईल.

सगुणा सूर्याच्या मागून बाहेर आली त्या पहाटे मी वेळेवर उठलो होतो. तोवर बाईंना जाऊन महिना होत आला होता.